वाचनालयातले वर्गांक आंतरजालावरच्या दुव्यांना लावावेत का?

दौतटाक

नमस्कार मंडळी.

मी एका तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. टाळेबंदीत वाचनालय बंद होतं तेव्हा वाचकांचे फोन यायचे. कुणाला सातबारा कुठे बघायचा ते हवं असायचं, कुणाला स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, कुणाला द्राक्षावरच्या रोगाची माहिती. पुस्तक देता येत नव्हतं, म्हणून दुवे शोधून पाठवायला लागले आणि पाठवलेला प्रत्येक दुवा एका तक्त्यात नोंदवत गेले. आज त्या तक्त्यात नऊशेच्या आसपास नोंदी आहेत.

सुरुवातीला त्या तारखेप्रमाणे होत्या. मग मी 'शेती', 'अभ्यास', 'आरोग्य', 'योजना', 'साहित्य' आणि 'इतर' असे सहा गट केले. वर्षभरात 'इतर' सगळ्यांत मोठा झाला. गेल्या महिन्यात एक काका बोअर पुनर्भरणाची माहिती मागायला आले. मला नक्की आठवत होतं की मी ती जमवली आहे. एक पान 'शेती'त सापडलं, दुसरं 'योजना'मध्ये, आणि सगळ्यांत चांगलं होतं ते 'इतर'मध्ये, तेही काका निघून गेल्यावर. पुस्तकांच्या बाबतीत माझं असं कधी होत नाही. प्रत्येक पुस्तकावर त्याच्या विषयाचा अंक, म्हणजे वर्गांक, असतो; वीज गेलेली असली तरी मी ६३० पर्यंत हाताने चाचपत जाऊन शेतीचं पुस्तक काढून देऊ शकते.

म्हणून मागचे दोन रविवार मी दुव्यांना ड्यूईचे, म्हणजे पुस्तकं विषयवार दशांश अंकांनी लावायच्या मेल्विल ड्यूईच्या पद्धतीतले, वर्गांक देऊन बघितले. पाण्यापासून सुरुवात केली. भूजल ५५१.४९, पाऊस ५५१.५७७, जलसंपत्तीचं अर्थकारण ३३३.९१, धरणं ६२७.८, पिण्याच्या पाण्याचा पुरवठा ६२८.१, सिंचन ६३१.५८७. तक्ता अंकांच्या क्रमाने लावला आणि विसरलेल्या नोंदी एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या. भूजलावरच्या तीन पानांच्या मागेपुढे खडकांच्या प्रकारांवरचं एक आणि पर्जन्यमापनावरचं एक अशी दोन पानं आली. ती कधी जमवली होती तेच मला आठवत नव्हतं. खूप आनंद झाला. ग्रंथपालाला हा आनंद कळेल.

पण अडचणीही आल्या. एकच पान दोन-तीन विषयांचं असतं. मराठीच्या गोष्टी ड्यूईच्या तालिकेत, म्हणजे विषय आणि अंकांच्या यादीत, फार कोपऱ्यात आहेत. आणि वाचकाला ५५१.४९ म्हणजे काय ते कशाला माहीत असेल? असं काम कुणी केलं आहे का? पुढे न्यावं की सोडून द्यावं? मनापासून सांगा.

---

सह्यवारा

धागा आवडला. माझ्याकडे किल्ल्यांच्या दुव्यांचा असाच ढीग आहे, म्हणून लगेच करून बघितलं आणि पहिल्याच पानाला अडलो.

एका किल्ल्याची माहिती देणारं चांगलं पान घ्या. त्यात इतिहास आहे, म्हणजे ९५४.७९२, महाराष्ट्र. तटबंदी आणि दरवाजांची वर्णनं आहेत, म्हणजे लष्करी इमारतींचं स्थापत्य, ७२५.१८. जायचं कसं, राहायचं कुठे, म्हणजे प्रवास, ९१५.४७९२. कड्यावरून चढायची वाट दिली आहे, म्हणजे गिर्यारोहण, ७९६.५२२. पुस्तक असतं तर ते एकाच फळीवर ठेवावं लागलं असतं, कारण प्रत एक. पण दुवा चार जागी ठेवायला काय हरकत आहे? फळीचं बंधन असताना केलेला नियम फळीच नसताना आपण कशाला पाळायचा?

---

तालिकापान

+१ सह्यवारा. ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

तुम्ही म्हणता तोच प्रश्न याहू निर्देशिकेपुढे होता. जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना आवडत्या संकेतस्थळांची विषयवार यादी सुरू केली, तीच पुढे याहू झाली. त्यांनी ग्रंथालयाची तालिका घेतली नाही, स्वतःचीच झाडासारखी रचना केली. पण एक विषय दोन फांद्यांवर हवा असेल तर दुसऱ्या फांदीवर त्याच्या नावापुढे ॲटचं चिन्ह टाकत. म्हणजे 'हा इथला नाही, पण इथूनही जाता येईल'. ग्रंथालयातलं 'हेही पाहा' तेच.

तरीही तालिका घेऊन काम केलेले लोक होतेच. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या 'बबल' या सेवेने निवडक दुवे ड्यूईप्रमाणे लावले होते. ब्रिस्टलमधल्या 'सॉसिग'ने समाजशास्त्रांचे दुवे ड्यूईवरूनच बेतलेल्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने लावले. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात 'सायबरस्टॅक्स' होतं, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीवर. स्वतः ओसीएलसीने, म्हणजे १९८८ पासून ड्यूईची मालकी असलेल्या संस्थेने, पानाचा मजकूर वाचून आपोआप वर्गांक सुचवणारा 'स्कॉर्पियन' नावाचा प्रयोग केला. दौतटाकताई, तुम्ही दोन रविवार केलंत ते काम नव्वदच्या दशकात या सगळ्यांनी केलेलं आहे. तुमची वाट चुकलेली नाही.

आता वाईट भाग. बबलचं अद्ययावत करणं २०११ मध्ये थांबलं. सॉसिग पुढे 'इंट्यूट' या मोठ्या सेवेत सामील झालं आणि तिचा निधी संपल्यावर तीही २०११ मध्ये बंद झाली. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस गेली. स्वयंसेवकांनी १९९८ पासून चालवलेली 'डीमॉझ' २०१७ च्या मार्चमध्ये. यातल्या काहींनी तालिका वापरली होती, काहींनी नव्हती, पण शेवट सगळ्यांचा सारखाच झाला. माझ्या मते त्या वर्गांकांमुळे बंद पडल्या नाहीत. माणसाने एकेक पान वाचून निवडायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं, आणि त्याचा पगार कुणी द्यायचा, तिथे त्या अडल्या. आपल्याकडे नऊशे नोंदी आहेत, लाखो नाहीत. हे आपल्या बाजूचं आहे.

---

कीबोर्ड_कोल्हापुरी

मी संगणकवाला. प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. नऊशे नोंदी शोधपेटीत टाका, वाचक शब्द लिहील, नोंद मिळेल. वर्गांक कशासाठी? वर्गीकरण करण्याचे श्रम पाने तपासण्यात घातले तर जास्त फायदा होईल असं मला वाटतं.

---

दौतटाक

कीबोर्ड, राग कसला. मीही आधी हेच करून बघितलं होतं आणि काय झालं ते सांगते.

माझ्या तक्त्यातल्या निम्म्याहून जास्त महत्त्वाच्या गोष्टी पीडीएफ आहेत: कृषी पत्रकं, अहवाल, जुन्या मासिकांचे अंक. यातली कितीतरी युनिकोडच्या आधीच्या फाँटांत केलेली आहेत. डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, पण नक्कल करून दुसरीकडे चिकटवा, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं पडतात. शोधयंत्राला त्यात 'विहीर' हा शब्द दिसतच नाही. काही तर नुसते छापील पानांचे फोटो आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं आहेत, पण त्यांची नावं रोमन लिपीत, आणि तीही प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेली. एकच नाव कुठे एका 'ए'ने, कुठे दोन 'ए'नी.

त्यात आपलं शुद्धलेखन. 'विहीर' लिहिणारे आहेत तसे 'विहिर' लिहिणारेही आहेत. एकजण 'कूपनलिका' म्हणतो, दुसरा 'विंधन विहीर' आणि आमच्याकडचे सगळे 'बोअर'. इंग्रजी पानांवर शोधपेटी जितकं काम करते तितकं आपल्या पानांवर करत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

वर्गांकाला लिपी नाही आणि शुद्धलेखनही नाही. ज्या पीडीएफमधला एक शब्दही संगणकाला वाचता येत नाही, तिच्यापुढे मी ५५१.४९ लिहिलं की ती भूजलाच्या इतर पानांशेजारी येते. माझ्या दृष्टीने हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

---

कीबोर्ड_कोल्हापुरी

हे मला सुचलंच नव्हतं. पटलं. माझा आक्षेप मागे घेतो आणि मदतीला येतो.

ताबडतोब एक सूचना. तक्त्यात वर्गांकाचा स्तंभ 'मजकूर' म्हणून ठेवा, 'संख्या' म्हणून नाही. नाहीतर ००४ चं ४ होईल, दशांशानंतरची शेवटची शून्यंही उडतील, आणि तो आकडा वर्गांक म्हणून ओळखूच येणार नाही.

---

जुना_दाखलांक

उशिरा आलो. मी एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. दौतटाक, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, आणि हे चांगल्या अर्थाने सांगतोय.

सह्यवारा यांनी किल्ल्याच्या पानाचं जे दुखणं सांगितलं, त्यावर औषध शोधणारा माणूस आपल्याच देशातला होता. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली वर्गीकरण शिकताना ड्यूईची पद्धत त्यांना तोकडी वाटू लागली. ड्यूईने विषयांची घरं आधीच बांधून ठेवली होती, नवा विषय आला की त्याला कुठल्यातरी घरात कोंबायचं. एके दिवशी सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचं खेळणं बघितलं. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तसं यंत्र. तिथून त्यांना कल्पना आली की विषयाचे सुटे भाग करून ठेवावेत आणि लागेल तसे जोडावेत. जोडायला द्विबिंदू (:). १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण छापलं गेलं.

पुढे त्यांनी सांगितलं की कुठल्याही विषयाचे सुटे भाग पाच जातींचे असतात: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ. मी वर्गात हे उसावर शिकवायचो. 'महाराष्ट्रात २०१९ मध्ये उसावरच्या तांबेऱ्याचं नियंत्रण' असा लेख समजा. ऊस हे व्यक्तित्व. रोग आणि त्याचं नियंत्रण ही ऊर्जा, कारण ती घडणारी आणि करायची गोष्ट आहे. महाराष्ट्र अवकाश, २०१९ काळ. पदार्थ इथे नाही, तर तो भाग सोडून द्यायचा. प्रत्येक जातीला स्वतःचं विरामचिन्ह: व्यक्तित्वाआधी स्वल्पविराम, पदार्थाआधी अर्धविराम, ऊर्जेआधी द्विबिंदू, अवकाशाआधी टिंब, काळाआधी उलटा स्वल्पविराम. मुलांना सुरुवातीला हे जड जायचं. पण एकदा कळलं की रस्त्यावरच्या पाट्यांचेही ते तुकडे पाडत बसायचे.

पुस्तकाच्या कण्यावर हे वर्गांक लांबच लांब व्हायचे. भारतातसुद्धा बहुतेक ग्रंथालयांनी ड्यूईच धरला, कारण चिठ्ठीवर मावत नसे आणि फळीवर लावणारा शिपाई गोंधळत असे. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आज तुमच्या तक्त्यात चिठ्ठी नाही, कणा नाही, फळी नाही. द्विबिंदूच्या ज्या अडचणी होत्या त्या सगळ्या कागदाच्या आणि लाकडाच्या होत्या. दुव्यांना त्या लागूच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की दुव्यांना पद्धत लावायची तर रंगनाथनांची लावा.

---

कीबोर्ड_कोल्हापुरी

दाखलांककाका, तुम्ही हे लिहिलंत आणि मला माझ्या नोकरीतलं कामच समोर दिसलं. मी खरेदीच्या संकेतस्थळांवरच्या चाळण्या बनवतो. साडी शोधताना डाव्या बाजूला रंग, कापड, किंमत, प्रसंग असे रकाने असतात ना, हवे तेवढे निवडायचे आणि बाकीचं गळून जातं. ते हेच आहे! कापड म्हणजे पदार्थ. आमच्या क्षेत्रात याला पैलूंचा शोध म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी रंगनाथनांचं नाव निघतं हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ आज कळला.

फक्त एक बदल सुचवतो. सगळे तुकडे एका लांब वर्गांकात जोडू नका. जोडलेला वर्गांक माणसासाठी होता, एका रांगेत उभं करण्यासाठी. संगणकाला रांग लागत नाही. पाच तुकडे पाच स्तंभांत ठेवा. मग कुणी फक्त 'सोलापूर' निवडेल, कुणी 'डाळिंब' आणि 'रोग', कुणी तिन्ही.

---

आंबेमोहर

मी शेतकरी आहे, ग्रंथालयशास्त्र माहीत नाही, पण ताईंच्या तक्त्याचा उपयोग होणार तो आमच्यासारख्यांनाच, म्हणून लिहितो.

मला आकडा दाखवला तर मी पान बंद करेन. व्यक्तित्व आणि ऊर्जा लिहिलंत तरी बंद करेन. माझ्या मनात शब्द असतो 'बोअर आटलं'. तिथून मला उत्तरापर्यंत जायचंय. तुम्ही आत काय वाटेल ते ठेवा, दारावरची पाटी आमच्या भाषेत असू द्या.

---

जुना_दाखलांक

आंबेमोहर, तुम्ही नेमकं बोललात. ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' हेच आहे, आणि तेही रंगनाथनांचंच, १९३१ चं.

ड्यूईच्या बाजूनेही एक सांगायला हवं. १८७६ मध्ये ॲमहर्स्ट महाविद्यालयात असताना त्याने छापलेली पहिली पुस्तिका अगदी छोटी होती, पण तिच्यात त्याने सापेक्ष निर्देशसूची दिली होती. शब्द वर्णानुक्रमाने, आणि शब्दापुढे तो विषय जिथे जिथे विखुरला आहे ते सगळे वर्गांक. दौतटाक, तुमचं 'पाणी' सहा ठिकाणी आहे ना? सूचीत 'पाणी' काढलं की सहाही दिसतात. माझ्या मते ड्यूईचं खरं देणं दशांश चिन्हापेक्षा ही सूची आहे. तुम्ही तशी सूची करा, पण शब्द आंबेमोहर यांच्याकडून घ्या. 'बोअर', 'आड', 'पाट', 'ठिबक', 'शेततळं'.

---

डॅलसची_मनू

आम्ही इथे रविवारची मराठी शाळा चालवतो. मुलांसाठी गोष्टी, बालगीतं, मुळाक्षरांची पानं शोधण्यात आमचे शनिवार जातात. दौतटाकताई, तक्ता सगळ्यांसाठी खुला होणार असेल तर आम्हीही नोंदी देऊ.

पण आम्हाला विषयापेक्षा दोन गोष्टी आधी लागतात. पान कुठल्या वयासाठी आहे, आणि ते वाचायचं, ऐकायचं की बघायचं आहे. आमची मुलं ऐकून समजतात, वाचताना अडखळतात. 'बालसाहित्य' म्हणून दिलेल्या दुव्यांतले निम्मे त्यांच्यासाठी फार कठीण असतात. हे वर्गांकात कुठे बसतं?

---

तालिकापान

मनू, बसतं, पण वर्गांकात नको. स्वरूप आणि वाचकवर्ग यांना वेगळे स्तंभच द्या. ड्यूईत स्वरूपासाठी मूळ अंकाला शेपूट लावतात, कोशाला ०३, नियतकालिकाला ०५, पण 'ध्वनिफीत' शोधणाऱ्याला शेपटात बघायला लावणं बरोबर नाही.

यासाठी दुसरी जुनी पद्धत तयार आहे. १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि आंतरजालावरच्या गोष्टींच्या नोंदीसाठी किमान रकाने ठरवायला लागले. त्यातून डब्लिन कोअर निघालं: शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, स्वरूप, भाषा, हक्क असे पंधरा रकाने. त्यातला 'विषय' हा एकच रकाना आपल्या वर्गांकाचा. बाकी चौदा बघितले की लक्षात येतं, आपण सगळं ओझं एकट्या वर्गांकावर टाकत होतो.

---

पायरीवरचा

मला ताईंच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर थांबायचं आहे. 'मराठीच्या गोष्टी कोपऱ्यात आहेत.' हे वरवरचं नाही.

ड्यूईत धर्माला २०० दिले. त्यात २२० ते २८० ख्रिस्ती धर्मासाठी, आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० मध्ये. बौद्ध धम्म २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे १९५६ चं धम्मचक्र प्रवर्तन ही घराघरातली गोष्ट आहे. त्यावरची पानं, भाषणं, गाणी, स्मरणिका आंतरजालावर भरपूर आहेत. ती सगळी 'इतर धर्म' नावाच्या दहा अंकांतल्या एका दशांशात टाकायची हे मला सहन होत नाही. साहित्याचंही तसंच. इंग्रजीला ८२० सरळ, आणि मराठी ८९१.४६. कविता ८९१.४६१, कादंबरी ८९१.४६३. आपल्या तक्त्यात सर्वांत जास्त असणाऱ्या गोष्टीला एवढा लांब आकडा.

सार्वत्रिक दशांश वर्गीकरण बघा असं सुचवतो. पॉल ऑटले आणि हेन्री ला फाँतेन या दोन बेल्जियन माणसांनी १८९५ पासून ब्रुसेल्समध्ये ड्यूईवरूनच ते उभं केलं. पण २००० साली त्यांच्या वारसांनी धर्माचा पूर्ण वर्ग नव्याने मांडला. आता तिथे २३ हिंदू, २४ बौद्ध, २६ ज्यू, २७ ख्रिस्ती, २८ इस्लाम, सगळे एकाच पायरीवर. म्हणजे तालिका बदलता येते. आपण ती देवाने दिल्यासारखी धरून बसायला नको.

---

तालिकापान

पायरीवरचा, शंभर टक्के सहमत. त्या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यात ड्यूईचा सांगाडा आणि रंगनाथनांसारखी जोडणी दोन्ही आहे. दोन विषयांचा संबंध द्विबिंदूने दाखवायचा, स्थळ कंसात लिहायचं, भारत म्हणजे (५४०). शिवाय तिचा २,६०० हून अधिक वर्गांचा सारांश पन्नासहून जास्त भाषांत आंतरजालावर मोफत बघता येतो.

ड्यूईचं तसं नाही. त्याचा पूर्ण मजकूर आणि नाव ओसीएलसीच्या हक्कात आहे. न्यूयॉर्कमध्ये 'लायब्ररी हॉटेल' नावाचं हॉटेल आहे, तिथल्या मजल्यांना आणि खोल्यांना ड्यूईप्रमाणे विषय दिले आहेत. २००३ मध्ये ओसीएलसीने त्यांच्यावर दावा लावला होता आणि नंतर तडजोड झाली. वाचनालयाने आपल्या नोंदींना वर्गांक लिहिणं वेगळं, आणि तालिकेचा मजकूर मराठीत करून संकेतस्थळावर मांडणं वेगळं. दुसरं करू नका एवढंच सांगते.

---

सह्यवारा

अभंगांचं काय करायचं? तुकोबांची गाथा कविता म्हणून ८९१.४६१ की भक्ती म्हणून २९४.५? आमच्या घरी यावर जेवताना वाद झाला. आई म्हणते गाथा देवघरात असते, बहीण म्हणते अभ्यासक्रमात असते.

---

जुना_दाखलांक

सह्यवारा, दोघीही बरोबर आहेत आणि आता कुणालाच हरवायची गरज नाही. मी नोकरीत असताना गाथेची एक प्रत साहित्यात आणि एक धर्मात ठेवली होती. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ती चूक म्हणून लिहून घेतली. दुव्याला दोन्ही वर्ग द्या.

अवांतर वाटेल, पण तालिका आपल्याला हवी तशी वाकवण्याची परंपरा आपल्या जवळची आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. गावोगावी वाचनालयं उभी करायची होती. बॉर्डनने ड्यूई जसाच्या तसा लादला नाही, ड्यूई आणि कटर या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाची पद्धत यांची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळी पद्धत बसवली. बडोदं शंभर वर्षांपूर्वी करू शकलं, तर नऊशे दुव्यांसाठी आपण का करू नये?

---

कीबोर्ड_कोल्हापुरी

मी नमुना बांधला आहे. वर्गांकाच्या रकान्यात एकाहून जास्त मूल्यं घेता येतात. प्रत्येक वर्गांकामागे मराठी पाटी आहे, वाचकाला फक्त पाटी दिसते. शोधपेटीत 'बोअर' लिहिलं की सूचीतून त्याचे सगळे वर्ग उघडतात.

आणखी एक रकाना घातला आहे, कुणाला न विचारता: 'साठवलेली प्रत'. मूळ पानाबरोबर, आंतरजालावरची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवरच्या प्रतीचाही दुवा. गेल्या वर्षी एका कार्यालयाने संकेतस्थळ नव्याने केलं आणि माझ्या घरच्या शेतीच्या कामाचे सगळे जुने दुवे एका रात्रीत मेले. पत्ता मरतो. वर्गांक लावलेली नोंद राहिली तर निदान काय शोधायचं ते तरी कळतं.

---

दौतटाक

सगळ्यांची आभारी आहे. तीन दिवस प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि काल वाचनालय बंद झाल्यावर बसून ठरवलं ते लिहिते.

सांगाडा सार्वत्रिक दशांशाचा घेते. मुख्यतः पायरीवरचा यांच्या म्हणण्यामुळे. आमच्या वाचनालयात येणाऱ्या कुणालाही आपला धर्म 'इतर'मध्ये सापडू नये, ज्या 'इतर'ने माझा तक्ता बुडवला त्यात तर नकोच. खोल जाणार नाही. तीन अंक, अगदी गरज पडली तर चार. नऊशे नोंदींना सूक्ष्म वर्गांक लावला तर प्रत्येक खणात एकच नोंद उरेल आणि शेजार मिळणार नाही, आणि मला तर शेजारच हवा होता. फळीवरची पुस्तकं मात्र ड्यूईतच राहतील, ती हलवत नाही.

विषयाशेजारी स्थळ आणि काळ हे दोन रकाने रंगनाथनांचे. पदार्थ आणि ऊर्जा वेगळे करून बघितले, पण नोंद करणारी मी एकटी आणि प्रत्येक दुव्यापाशी अडत होते. दाखलांकसर, क्षमा करा. ते दोन्ही मी वाचकांच्या शब्दांच्या सूचीत घेतले, 'तांबेरा', 'छाटणी', 'पुनर्भरण' असे. मग स्वरूप, वय, भाषा, साठवलेली प्रत, आणि शेवटी 'कुणी कधी तपासलं'. तालिकापानने सांगितलेल्या त्या बंद पडलेल्या सेवा वाचल्यावर हा शेवटचा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटू लागला.

काल रात्री पहिल्या साठ नोंदी केल्या. किल्ल्याच्या पानाला इतिहास, स्थापत्य, प्रवास असे तीन वर्ग. गाथेला दोन. एका जुन्या कृषी पत्रकाला, ज्यातला एक शब्दही शोधता येत नाही, विषय, स्थळ, काळ आणि सूचीतले पाच शब्द. आता ते 'ठिबक' लिहिलं की पहिलं येतं.

तपासायला माणसं हवी आहेत. एकेका वर्गाची जबाबदारी एकेकाने घ्यावी, तीन महिन्यांतून एकदा दुवे उघडून बघायचे.

---

जुना_दाखलांक

क्षमा कसली? नोंद करणाऱ्याचा वेळसुद्धा वाचवायला हवा, ते मीच विसरलो होतो. धर्म आणि तत्त्वज्ञान माझ्याकडे द्या. वेळ भरपूर आहे.

---

डॅलसची_मनू

बालसाहित्य आणि भाषाशिक्षण आम्ही घेतो. शाळेतल्या पाच पालकांनी होकार दिला आहे. वयाचा रकाना मुलांसमोर पान लावून बघूनच भरू, अंदाजाने नाही.

---

सह्यवारा

इतिहास, प्रवास माझे.

---

आंबेमोहर

शेती घेतली. काल रात्री पहिले वीस दुवे मोबाइलवर उघडून बघितले. सतरा चालू आहेत. तीन मेलेत. दोघांची साठवलेली प्रत मिळाली, ती भरली. तिसरं डाळिंबाच्या तेल्याचं पत्रक कुठेच नव्हतं, पण ते मी मागे उतरवून ठेवलं होतं, माझ्या फोनमध्ये निघालं. ताईंना पाठवतोय. आणि सूचीत 'तेल्या'बरोबर 'तेलकट डाग' पण टाका, आमच्या पलीकडच्या गावात तसं म्हणतात.